शाळेमागचं मैदान

माझा धाकटा भाऊ हवाई दलात होता. मालवाहू विमानात सामान चढवून ते आवळून बांधायचं, हे त्याचं काम. त्या उन्हाळ्यात तो ईशान्येला होता, चीनच्या बाजूच्या डोंगरांत, जिथली सरहद्द दोन्ही देश आपापल्या नकाशात वेगळी दाखवतात.

मी सुट्टीत वालूरहून माहेरी, पेडगावला आले होते. दुपारी भावजयीचा फोन आला. ती तिकडंच तळावर राहायची. म्हणाली, सकाळी निघालेलं विमान पोचलं नाही. तो त्यात होता का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. वडिलांनी आवाज बंद केला आणि नुसतं बघत बसले. ढग, डोंगर, परत ढग. शेजारच्या काकूंनी कुठंतरी ऐकलं होतं की, विमान चुकून पलीकडं गेलं असेल, तिकडच्या लष्करानं उतरवून घेतलं असेल. आईनं तेवढंच धरलं. लेकरू त्यांच्या ताब्यात हाय पण जित्तं हाय, असं ती येईल त्याला सांगू लागली.

काही दिवसांनी वडील आणि मी शेतातून येताना शाळेमागच्या मैदानात तलाठी दिसले. दोघांना घेऊन टेपनं जागा मोजत होते. एकजण वेड्या बाभळी तोडत होता. वडील थांबले.

"काय मोजायलाव, साहेब?"

"काही न्हाई, काका. मोठी गाडी वळती का, ते बघायला सांगितलंय."

"सापडलं का?"

तलाठ्यांनी मान खाली घातली. शोध चालू आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे, असं म्हणाले.

"शोध चालू हाय," वडील म्हणाले, "आन् तुमी जागा बघायलाव."

वाटेत वडिलांनी मला बजावलं, आईला कळू द्यायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिकडून जेसीबीचा आवाज यायला लागला. आई दारात उभी राहून ऐकत राहिली. त्यानंतर ती कुणालाच काही सांगेना.

विमानाचे तुकडे डोंगरावर सापडल्याचा निरोप नंतर आला. कुणी वाचलं नव्हतं.

पेटी आली तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सोबत भावजय होती. पेटी उघडा, मला बघू द्या, असं आई पेटीबरोबर आलेल्या अधिकाऱ्याला म्हणत राहिली. त्याला मराठी येत नव्हतं, तरी कळलं असावं. तो बाजूला झाला नाही. भावजयीनं आईचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आई, नका."

वडिलांनी हट्टानं खांदा दिला. थोडं चालून ते परत आले, माझ्याशेजारी उभे राहिले.

"लय हलकी हाय," ते म्हणाले. "तुझ्या आईला हात लावू देऊ नको."