लाखो साधक आणि पापडाच्या बायका

सरळच सांगते, मी त्या गुरुजींवर जळायचे. सवतीवर जळावं तशी, भिंतीवरच्या एका फोटोवर.

माधवनगरात माझी शेजारीण हीच माझी जिवाभावाची मैत्रीण. आमचे नवरे एकाच मिलमध्ये. सांगलीला भाजीला जायचं ते दोघींनी, दळण दोघींचं एकदम, आणि नवऱ्यांची गाऱ्हाणीही एकमेकींपाशीच. उन्हाळ्यात गल्लीची पापडांची सावड असायची. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. बायका आपापलं पोळपाट-लाटणं काखोटीला मारून यायच्या. तिच्या घरी पीठ कुटून झालं की पहिली लाटी ती तेलात बुडवायची आणि गुपचूप माझ्या हातात द्यायची. एवढ्या बायकांत मलाच. त्याचा मला केवढा तोरा होता!

नव्वदीच्या सुरुवातीला तिच्या भावजयीनं साताऱ्याहून हा नवा पंथ आणला. आधी फोटो आला, मग कॅसेटी आल्या, मग मैत्रिणीचं बोलणंच बदललं. ‘गुरुजी म्हणत्यात’ याशिवाय तोंड उघडेना. त्या उन्हाळ्यात पहिली लाटी वाटीतून फोटोपुढं गेली. दुसरी मला देऊ लागली, तर मी म्हणाले, नको, दातात अडकते.

“लाखो साधक हायत आमचं,” ती म्हणायची.

“राहतात कुठं गं? मला तर तू एकटीच दिसतीस.”

“तुला न्हाई कळायचं,” म्हणून ती आत जायची. पूर्वी अशा वेळी भांडायची तरी.

त्याच पापडांच्या दिवशी पंथाचा एक प्रचारक तिच्याकडं टपकला. माडीवर ओळीनं बसलेल्या बायका बघून त्याला अगदी भरून आलं. “या सगळ्या साधिका का?” त्यानं विचारलं. मैत्रिणीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसती हसली. त्यानं कॅसेट लावली. बायका आपल्या लाटतायत आणि हा हात जोडून उभा. सावडीला आलेली अख्खी गल्ली त्यानं पंथात घातली. गल्लीला पत्ताही नव्हता.

मग साताऱ्याला मोठा मेळावा ठरला, आणि नेमका माझ्या पापडांच्या दिवशी.

“तुझं पापड ढकल की पुढं,” ती म्हणाली. “मला स्टेजवर बोलवणार हायत.”

सावड कुणी कधी मोडत नाही. सुतक असलं तरच. माझ्या मस्तकात तिडीक गेली, पण पापड पुढं ढकलले आणि म्हणाले, चल, मीपण येते. बघू तर खरं, हे लाखो कोण ते. मला तिची फजिती बघायची होती.

मैदानात ट्रक आणि टेम्पो लागले होते. माझ्या शेजारी मेढ्याकडची एक म्हातारी बसली होती. “आजी, तुमी कवापासनं या पंथात?” मी विचारलं.

“कसला पंथ, बाई? गाडी फुकट, जेवान फुकट. मला हितं डाक्टरला डोळं दावायचं हुतं, म्हनून आले.”

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घरी परतताना हे मैत्रिणीला कसं सांगायचं, ते मी मनात घोळवत बसले.

तेवढ्यात तिला स्टेजवर बोलावलं. तोच प्रचारक माइकवर म्हणाला, “या ताईंनी अख्खी गल्ली पंथात आणली. माधवनगरच्या साधिकांनी उभं राहावं.”

उभं कोण राहणार? त्या बिचाऱ्या घरी वाळवणं राखत बसल्या होत्या. प्रचारकानं पुन्हा पुकारलं. लोक माना वळवून बघायला लागले. ती पदराचं टोक पिळत एकेका रांगेकडं बघत होती. तोंड एवढंसं झालं होतं. बस म्हणावं आता गुरुजींच्या नावानं बोंबलत, असं मी मनात म्हटलं आणि उठून उभी राहिले. का, ते मला विचारू नका.

“उटायचं हाय व्हय?” म्हणत म्हातारी उठली. तिच्यामागं तिच्या टेम्पोतल्या बायका उठल्या आणि बघता बघता आमची सगळी बाजू उभी राहिली. टाळ्या काही थांबेनात.

परतीच्या एसटीत ती माझ्याजवळ बसली, माझा हात धरून. “बघितलंस? माझ्या वळखीच्या बी न्हाईत, तरी उठल्या. गुरुजींची ताकद हाय ही.”

म्हातारीच्या डोळ्यांची गोष्ट माझ्या अगदी ओठावर आली होती. पण तिनं माझा हात किती दिवसांनी धरला होता.

“व्हय,” मी म्हणाले, “लय ताकद हाय.”

माझ्या पापडांना ती सगळ्यांच्या आधी आली. पीठ तिनंच कुटलं. पहिली लाटी तेलात बुडवली आणि सवयीनं भिंतीकडं बघितलं. माझ्या भिंतीवर नुसतं कॅलेंडर होतं. मग लाटी तिनं माझ्यापुढं धरली.

“खा,” म्हणाली, “आता तू बी आमच्यातलीच.”

मी खाल्ली.