बाची साक्ष, माझा दाखला

आमच्या गावात कुणाची शेळी चोरीला गेली, कुणी कुणाचा बांध कोरला, तर लोक आधी ठाण्यात जात नसत. माझ्या बाकडे येत. बा मेंढरं राखायचा. खंडोबाच्या देवळाची पूजा आमच्या घराकडे होती, म्हणून भंडाऱ्याची पितळी परातही आमच्याच घरी असायची. ज्याच्यावर आळ आला असेल त्यानं हळदीच्या त्या भंडाऱ्यावर हात ठेवून "मी केलं न्हाई" एवढं म्हणायचं, की भांडण मिटलं. बा परात धरून समोर उभा राहायचा. बोलायचा काहीच नाही. कितीतरी माणसांनी पुढं केलेला हात मागं घेतलेला मी पाहिला आहे. एकजण तर परात बाहेर आलेली पाहूनच खाली बसला आणि म्हणाला, "बांध मीच कोरला, बाबा."

शाळेत आम्ही रोज प्रतिज्ञा म्हणायचो, फळ्यावरचा सुविचार वहीत उतरवायचो. नेहमी खरं बोलावं, हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल त्याला हिशोब नाही. पण त्या वाक्याची भीती मला वाटायची ती बाच्या हातातल्या परातीमुळे.

बाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मला मात्र त्यानं शाळा सोडू दिली नाही. तो आणि माय मेंढरं घेऊन साखऱ्याकडच्या माळावर आठ-आठ दिवस असायचे, तेव्हा मला मावशीकडे ठेवून जायचे. मी बारावी झाले, डी.एड.ला लागले. आमच्या भावकीत एवढं शिकलेली मी पहिलीच.

डी.एड.च्या पहिल्या वर्षाला असताना, उन्हाळ्यात, ते विहिरीचं घडलं.

गावात एक मोठे शेतकरी होते. आम्ही त्यांना मालक म्हणायचो. सुगी झाली की आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. त्यांना खत व्हायचं, आम्हाला ज्वारी मिळायची. माणूस वाईट नव्हता. आठवीला माझी पुस्तकं त्यांनीच सेनगावहून आणून दिली होती. त्यांच्याकडे एक सालगडी होता, तिशीचा, दोन लहान मुलींचा बाप. त्या दिवशी विहिरीतली मोटर अडकली, म्हणून मालकांनी त्याला खाली उतरायला सांगितलं. बा जवळच लिंबाखाली मेंढरं घेऊन बसला होता. सालगडी म्हणाला, "मालक, लाइट आली असंल." मालक म्हणाले, "तू उतर. मी बटन बंद केलंय."

बटन चालूच होतं. ओल्या पाइपाला हात लागला आणि तो गेला. त्याला दोरानं वर काढणाऱ्यांत बा होता. मालक काठावर डोकं धरून बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते, असं बानंच आम्हाला सांगितलं.

पण पोलीस आले तेव्हा मालक म्हणाले, मी नको म्हणत होतो, तो ऐकलाच नाही. गोळा झालेली माणसं गप्प राहिली, कारण त्यांनी खरंच काही ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं एकट्या बानं. तो पुढं झाला आणि जे कानावर पडलं ते शब्दाला शब्द सांगितलं. पोलिसांनी ते लिहून घेतलं, बानं खाली अंगठा उठवला. घरी आल्यावर माय म्हणाली, "काहून मधी पडलात तुमी? आपली मेंढरं कुठं बसायची आता?"

"मी मधी न्हाई पडलो," बा म्हणाला. "मी तिथंच व्हतो."

त्या वर्षी मालकांच्या रानात मेंढरं बसली नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या भाऊबंदांनीही नको म्हटलं. कुणी भांडलं नाही. "यंदा राहू द्या" एवढंच म्हणायचे. बा मेंढरं घेऊन लांब लांब जायला लागला, पार कनेरगाव नाक्यापर्यंत. पाय सुजून यायचे. केस तालुक्याच्या कोर्टात उभी राहिली, आणि तारखा पडत राहिल्या. सालगड्याची बायको प्रत्येक तारखेला जायची. परत आली की आमच्या दारात पाणी प्यायला थांबायची आणि बाला सांगायची, "मामा, आजबी न्हाई झालं काही. तुमाला बोलावतील तवा या बरं." बा म्हणायचा, "यीन."

मध्येच माझ्या हातून एक गोष्ट झाली. सुट्टीत मी बासोबत मेंढरं पाजायला ओढ्यावर गेले होते. मालकांच्या पुतण्यानं वाट अडवली आणि एका गाभण मेंढीला काठी मारली. मी दगड उचलून फेकला. त्याच्या कपाळाला लागला, टाके पडले. त्यानं तक्रार दिली. मला ठाण्यात बोलावलं तेव्हा मी सांगितलं, मी दगड मारला नाही, तो पळताना पडला. बा शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी येईपर्यंत तो पुढं चालत होता, मी मागं. वाटेत एकदाच म्हणाला, "मारला म्हणायचं व्हतं. मेंढीला मारलं म्हणून मारला म्हणायचं." मला डी.एड. संपवायचं होतं.

डी.एड. संपलं. दोन वर्षं घरी बसल्यावर शिक्षक भरतीत माझी निवड झाली. रुजू होण्याआधी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी लागते, तो कागद मुदतीत द्यायचा होता. चौकशीला गेले तर कळलं, दगडाची तक्रार अजून उघडीच आहे. तक्रारदारानं आपसात मिटलं असं लिहून दिलं तर पुढं काही अडचण नव्हती. नाही दिलं तर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबा, आणि तोवर नेमणूक राहील याची खात्री कोण देणार.

त्याच आठवड्यात बाला साक्षीचं समन्स आलं.

समन्सानंतर दोन दिवसांनी मालक आमच्या घरी आले. सकाळची वेळ होती. बाजेवर बसले, मायनं दिलेला चहा घेतला. विहिरीच्या गोष्टीनंतर ते पहिल्यांदाच आमच्या दारात आले होते. म्हातारे दिसायला लागले होते.

"पोरगी मास्तरीण होऊन राहिली म्हणतात," ते म्हणाले. "चांगलं झालं. पुतण्या आमचा उद्या जाऊन लिहून देईल, मिटलं म्हणून."

मालकांनी कप खाली ठेवला.

"मी मुद्दाम केलं न्हाई. तुमाला तर माहीत हाय."

"माहीत हाय," बा म्हणाला. "मुद्दाम न्हाई केलं. पण बटन बंद केलं म्हणले व्हते तुमी."

"तेवढी एक गोष्ट सोडा. ऐकू आलं न्हाई म्हणा. गेलेला माणूस काही परत येणार न्हाई. तुमच्या लेकराची जिंदगी हाय ही."

बानं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीपाशी बसले होते. माय म्हणाली, "तिनं एवढं शिकून काय मेंढरांमागं फिरायचं?" बा तरीही माझ्याकडेच पाहत होता. नको, असा एक शब्द मी बोलायला हवा होता. बाला तेवढा पुरला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी खाली पाहून राखेत काडीनं रेघा ओढत राहिले.

तारखेच्या दिवशी मी बासोबत गेले. त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, देवाला पाणी घातलं, कपाळाला भंडारा लावला. बसनं तालुक्याला उतरलो. कोर्टाच्या पायऱ्या चढण्याआधी त्यानं उपरण्याच्या टोकानं कपाळ पुसलं. हळदीचा पिवळा डाग उपरण्यावर राहिला. ते टोक त्यानं कमरेत खोचलं.

सालगड्याची बायको मागच्या बाकावर होती. आम्हाला पाहून तिनं हात जोडले. बाला बोलावलं. शपथेचे शब्द एकानं सांगितले आणि बानं ते हळूहळू मागून म्हटले, ईश्वराची शपथ घेऊन खरं सांगेन. सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही काय ऐकलं?

"वारं लई व्हतं. मेंढरं वरडत व्हती. मला काही ऐकू आलं न्हाई."

वकिलांनी पोलिसांनी लिहिलेला जबाब वाचून दाखवला. हे तुम्ही सांगितलं होतं का, म्हणून विचारलं. बा म्हणाला, "मला लिवता येत न्हाई, साहेब." न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग त्या टाइप करणाऱ्याला काही सांगू लागल्या. साक्षीदार उलटला, असं वकील म्हणाले. बा तरी उभाच होता. जा म्हणून सांगावं लागलं.

बाहेर आल्यावर सालगड्याची बायको माझ्याजवळ आली. मागच्या बाकापाशी पंख्याचा आवाज फार होता, तिला नीट ऐकू गेलं नव्हतं. "ताई, तुमी शिकलेल्या. काय म्हणले मामा? बराबर झालं ना?"

मी सांगितलं. "ऐकू आलं नाही म्हणाले."

"काय ऐकू आलं न्हाई?"

मी खाली पाहत राहिले. तिला समजायला थोडा वेळ लागला. ती बाच्या दिशेनं वळली नाही, रडलीही नाही. पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागली. गावाला एकच बस होती. ती पुढं बसली, आम्ही मागं. उतरल्यावर आमच्या दारावरून गेली, पण पाण्याला थांबली नाही.

मालक सुटले. मला कागद मिळाला आणि मी मुदतीत रुजू झाले.

पुढच्या दिवाळीत शेळीच्या भांडणासाठी दोन घरचे लोक बाकडे आले. बानं परात घेऊन चुलत्याच्या घरी पोचवली. "आता तिकडं जा," म्हणाला. चुलता परात धरायचा, पण त्याच्यासमोर लोक हसत-बोलत हात ठेवायचे आणि घरी जायचे. दोन-तीन वर्षांत ती रीतच बंद पडली. मालकांनी रान मोकळं केलं होतं, निरोपही पाठवला होता. बा त्या रानात गेला नाही. मेंढरंही त्यानं चुलत्याच्या हवाली केली.

शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो. मी तो घेते, पुस्तकात आहे तसा घेते. मागच्या वर्षी चौथीतली एक मुलगी आपण होऊन पुढं आली आणि म्हणाली, बाई, नकाशा माझ्याकडून फाटला. तिला कुणी विचारलं नव्हतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. शाबास म्हणायला हवं होतं. मला ते म्हणता आलं नाही. मी तिला जागेवर बसायला सांगितलं आणि खडू आणायच्या निमित्तानं वर्गाबाहेर गेले.

त्यानंतर मी ठरवून सालगड्याच्या बायकोचा शोध घेतला. ती गाव सोडून कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर भाकरी करायला लागली होती. एका रविवारी दुपारी गेले. तिनं मला ओळखलं. बसायला पाट दिला, हातातली भाकरी थापत राहिली. मी सगळं सांगितलं. दगड मीच मारला होता, मालक घरी आले होते, बा माझ्याकडे पाहत होता आणि मी गप्प बसले.

"मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "तुमी खाली पाहून सांगत व्हता ना."

"मी लिहून द्यायला तयार आहे. जे झालं ते सगळं."

"कुणाला देता लिवून? केस तर संपली." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "मोठीचं लग्न केलं मी सोळाव्या वर्षी. घरात ठिवायची भीती वाटायची. धाकटी वाशिमला शिकते." मग भाकरी उलटत म्हणाली, "मामाला सांगा, माझ्या मनातून ते जात न्हाई. दुसऱ्या कुणी केलं असतं तर गेलं असतं."

मी उठले. तिनं जेवून जा म्हटलं नाही.

बा आता माझ्याजवळ हिंगोलीत राहतो. घरी पोचले तेव्हा तो ओट्यावर बसून होता. कुठं गेले होते ते मी सांगितलं.

"काय म्हणली?"

त्याला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं, असं मनात आलं. पण तिनं जे सांगायला सांगितलं होतं, तेच मी तिच्या शब्दांत सांगितलं.

बानं मान हलवली. "बराबर हाय," म्हणाला. मी आत जाऊन स्वयंपाकाला लागले. त्या दिवशी तो जेवला नाही.