सोंड्यांवर फुंकर

गोदामातल्या गव्हाला लागलेले सोंडे औषधाला दाद देईनात, तसा गोदामवाल्यांनी औषधाचा जोर वाढवला. फवारणारा तिचा नवरा. संध्याकाळी घरी येई तेव्हा त्याचे डोळे लालभडक आणि खोकला असा, की लेक म्हणायची, "बाबांना बेल कशाला लागते?"

ती स्वतः कामाला होती किड्यांच्या प्रयोगशाळेत. तिथे तिला सगळे सोंडेताई म्हणत आणि तिला ते आवडेही. लग्नाआधीपासून तिचं हेच काम: बशीतल्या औषध लावलेल्या कागदावर सोंडे सोडायचे, भोवती काचेचं कडं ठेवून वर झाकण घालायचं आणि दुसऱ्या दिवशी कोण मेलं, कोण जगलं ते बघायचं. एका बशीत गोदामातून आणलेले निबर सोंडे. दुसरीत तिने गव्हाच्या बरणीत वाढवलेले, ज्यांच्या सात पिढ्यांनी औषधाचा वासही घेतला नव्हता. त्यांना ती लाडोबा म्हणे. लाडोबा सगळे मरायलाच हवेत. नाहीतर कागदावरचं औषधच कमजोर, आणि चाचणी रद्द.

या खेपेचे निबर नवऱ्याच्या गोदामातले होते. ते या औषधाने मरत नाहीत असं ठरलं, की ते औषध बंद होणार होतं.

सकाळी तिने झाकण काढलं. निबर खुशाल हिंडत होते. लाडोबा उताणे, पाय पोटाशी घेऊन. तिच्या जिवात जीव आला.

पण सोंडा मोठा ढोंगी. जरा धक्का लागला की मेल्याचं सोंग घेतो. म्हणून ती दर वेळी बशीवर उबदार फुंकर घालून थोडं थांबायची. आज फुंकर ओठांतच अडली. साहेब आत चहा पीत होते. विचारणारं कोणी नव्हतं.

शेवटी ती वाकली आणि तान्ह्याच्या कपाळावर घालावी तशी हलकेच फुंकर घातली. एका लाडोबाने पाय ताणला. मग शेजारच्याने. बघता बघता चार-पाच जण उठून चालायला लागले.

"मेल्यांनो, आजच सुचलं?" ती पुटपुटली.

साहेबांना तिने आहे तसं सांगितलं. "चाचणी फुकट गेली. नवे कागद करते. पण तोवर फवारणी थांबवायला सांगाल का?"

"कशाच्या आधारावर, ताई?"

"आधार काही नाही. घरी खोकला आहे."

साहेबांनी कप खाली ठेवला. "हे आधी बोलायचं नाही का?" म्हणत त्यांनी फोन उचलला.

दुपारी तिने नवऱ्याला फवारणी थांबल्याचं कळवलं.

"म्हणजे वाचलं कोण? मी की सोंडे?"

"सध्या दोघंही. निकाल लागेपर्यंत गोदाम झाडायचं आणि पोती उन्हात टाकायची."

"फवारणी परवडली की. कंबर मोडेल माझी."

"मोडू दे," ती म्हणाली. "पाठ मी चोळून देईन. छातीच्या आत माझा हात पोचत नाही."