व्याह्यांची करसुधारणा

स्वतःचा धंदा बुडावा म्हणून आयुष्यभर मनापासून झटलेला माणूस मी एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा व्याही निघाला. आमचे हे व्याही सोलापुरात नव्या पेठेतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, करसल्लागार म्हणून बसतात. नोकरदारांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून द्यायची, व्यापाऱ्यांचं जीएसटीचं बघायचं आणि त्याची फी घ्यायची, हा त्यांचा व्यवसाय. पण त्यांचं ठाम मत असं, की ज्या देशात माणसाला आपला कर आपल्या हातानं भरता येत नाही, त्या देशाची करपद्धत नापास. "माझ्याकडं यावं लागतंय, हितंच पद्धत बिघडलीय की!" असं ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवून समोर बसलेल्या पार्टीलाच सांगतात. पार्टी बिचारी खिशातला हात खिशातच ठेवून विचारात पडते.

आमची ओळख झाली ती माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी. मुलाच्या बापाच्या अटी ऐकायला मी जीव मुठीत धरून बसलो होतो. त्यांच्या घरात अर्धं कन्नड चालतं, त्यामुळे व्याह्याला ते 'बीगरे' म्हणतात. "बीगरे," ते म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. एकच अट हाय. लग्नासाठी जे काय घ्याल, त्याचं पक्कं बिल घ्यायचं." मला हसू आलं. बस्त्याच्या दिवशी ते मावळलं. साड्यांच्या दुकानदारानं सवयीप्रमाणे, "बिल करू, का तसंच देऊ?" असं विचारलं मात्र, व्याह्यांनी मांडी ठोकली आणि राज्य म्हणजे काय, रस्ते कशातून होतात, इथपासून सुरुवात केली. बायकांच्या साड्या निवडून झाल्या, चहा दोनदा झाला, कोणाचं तरी तान्हं मूल झोपून उठलं, तरी यांची गाडी जीएसटीच्या इनपुट क्रेडिटपर्यंतच आलेली. शेवटी दुकानदारानं हात जोडले आणि बिल केलं. लग्नाच्या दिवशी त्यांनी सनईवाल्याकडेसुद्धा पावती मागितली. त्यानं सनई खाली ठेवली, लग्नपत्रिकेच्या पाठीवर पावती लिहिली, सही केली, आणि मगच वरात हलली. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलीच्या बापाला व्याह्यानं या कारणासाठी छळलं नसेल.

त्यांच्या ऑफिसात तर याहून मजा. एकदा मी बसलो असताना टॉवेलचा कारखाना असलेले एक गृहस्थ आले. इकडं तिकडं बघत त्यांनी आवाज खाली आणला आणि कर जरा कमी बसेल असं काहीतरी करा म्हणाले. व्याह्यांनी आवाज अजिबात खाली आणला नाही. "एक खात्रीचा उपाय हाय," ते म्हणाले. "धंद्यात तोटा करा. जमंल का?" गृहस्थ तणतणत जिना उतरले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण पुढच्या आठवड्यात ते परत आले. या माणसाकडे कागद असले की नोटीस येत नाही, आणि रात्री झोप लागते, हे त्यांना कोणीतरी पटवलं होतं. गंमत म्हणजे व्यापाऱ्यांना असं झापणारा हा माणूस त्यांच्याच बाजूनं सरकारशी भांडतही असतो. किमतीप्रमाणे कापडाचा दर बदलतो, हा तर त्यांचा कायमचा दुखरा दात. "चादर तीच, सूत तेच, माग तोच. किंमत जरा वर सरकली की दुसरा दर! चादरीला कळतंय का, आपण महाग झालो म्हणून?" हे ते ऑफिसातल्या बाकावर अंथरलेल्या चादरीवर हात ठेवून विचारतात, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

नियम चांगला की वाईट हे ठरवायची त्यांची कसोटी स्वतःची आहे. स्वयंपाकघरात पाट टाकून बसायचं आणि विहीणबाई भाकरी थापत असताना त्यांना नियम समजावून सांगायचा. तव्यावरची भाकरी भाजून होईपर्यंत नियम सांगून संपला, तर चांगला. भाकरी झाली आणि नियम चालूच, तर तो रद्द करण्यालायक. घर विकल्यावर किती कर बसतो हे समजावताना त्या घरात आजवर किती भाकऱ्या करपल्या, हे विहीणबाईच जाणोत. बजेटच्या दिवशी मात्र स्वयंपाकघरच बंद असतं. ते पहाटे आंघोळ करतात, कपाळाला विभूती लावतात आणि टीव्हीपुढे बसतात. भाषण संपेपर्यंत पाण्याचा घोट नाही, कोणी शिंकायचं नाही. "देवळात अभिषेकाला इतकं सरळ कदी बसले न्हाईत," विहीणबाई मला कुजबुजून सांगतात.

बजेटच्या आधी सरकार लोकांकडून सूचना मागवतं, हे आपण पेपरात वाचून विसरतो. व्याही त्या पाठवतात. दरवर्षी. बाकीच्या सूचना बदलत, दोन ठरलेल्या असत. एक, माणूस पैसा मिळवतो एका वर्षी आणि रिटर्नवर नाव लिहितो दुसऱ्याच वर्षाचं, हा घोळ बंद करा. आणि दोन, पद्धत इतकी सोपी करा की माझ्यासारख्याची गरजच उरू नये. मी त्यांना नेहमी चिडवायचो, की दिल्लीत तुमचं पाकीट आलं की चहावाला त्यावर कप ठेवत असेल. ते शांतपणे म्हणायचे, "ठेवू दे की. वाचूनच ठेवत असंल."

आणि मग खरोखरच ते सगळं व्हायला लागलं. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर उरला नाही. जीएसटीचे दर कमी झाले. नवा कायदा आला, कलमं घटली, आणि दोन वर्षांचा घोळ जाऊन सरळ एकच करवर्ष आलं. त्या दिवशी व्याह्यांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले. "आपलं ऐकलं बघा, बीगरे!" देशभरातून आणखी हजारो लोकांनी हेच सुचवलं असेल, असं मी म्हणणार होतो, पण तोंडात पेढा होता.

पेढे संपले आणि पार्ट्याही संपत आल्या. एके काळी जुलैमध्ये त्यांच्या जिन्यावर उभं राहायला जागा नसे. फॉर्म सोळा हातात घेतलेले शिक्षक, बँकेतले कारकून, होटगीकडचे रेल्वेतले लोक, सगळे पायरीपायरीनं वर सरकत. यंदा रिटर्न फोनवर आपोआप भरून येतं, घरातली मुलं ते पाठवून देतात. जिना मोकळा. माझा जावई पुण्याहून आला आणि सरळच म्हणाला, "अप्पा, आता ऑफिस बंद करा आणि आमच्याकडे चला. भाडंसुद्धा सुटत नाही." व्याह्यांनी जराही त्रागा केला नाही. "बरोबर हाय. लगीन लागलं की मांडव काढतेत. मागितलं ते मिळालं की मला." महिनाअखेरीला किल्ली परत करायचं ठरलं. त्यांच्या आवाजात इतका आत्मविश्वास होता, की मलाच वाईट वाटायची लाज वाटली.

शेवटच्या आठवड्यात सामान बांधायला हात लावावा म्हणून मी गेलो. व्याही खुर्चीत ताठ बसून नवा कायदा वाचत होते. तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका दम खात जिना चढून आल्या. त्यांची पहिल्या पगारापासूनची सगळी रिटर्न यांनीच भरलेली.

"सर, यंदा नातीनं सगळं भरून दिलंय," त्या फोन पुढे करत म्हणाल्या. "कर काही नाही. नुसतं पाठवायचं बटन दाबायचंय."

"मग घरी दाबायचं की! एवढा जिना कशाला चढलाव?"

"घरी नको वाटलं. तुमच्यासमोर दाबते."

"मी काय करू त्यात?"

"काही नाही. बसा नुसतं."

व्याही बसले. बाईंनी बटन दाबलं. "गेलं," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून फी काढून टेबलावर ठेवली. "कशाची फी?" व्याही जवळजवळ ओरडलेच. "बसल्याची," बाई म्हणाल्या, आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरल्या.

व्याह्यांनी टेबलावरची फी उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. मग एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "बघितलं का, बीगरे? सगळं भरून तयार, नुसतं बोट लावायचं, तरी माणसाला सोबत लागतीया. म्हंजे पद्धत अजून सोपी झालेली न्हाय. कुटंतरी भ्या हाय अजून." त्यांनी लगेच मुलाला फोन लावला. किल्ली इतक्यात द्यायची नाही, सुधारणा अर्धवट राहिली आहे, आणखी एक वर्ष तरी बसावं लागेल, असं सांगून टाकलं.

त्या बाई भीतीपोटी आल्या नव्हत्या. हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला वाटतं त्यांनाही दिसलं होतं. एरवी मी वाद घातला असता. पण त्या क्षणी मला या माणसाची इतकी माया वाटली, की मी म्हणालो, "खरंय, व्याही. काम बरंच राहिलंय अजून."

त्यांनी मान हलवली आणि पंखा एक आकडा वाढवला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तिथं बसून राहिलो. आणखी कोणी आलं नाही.