उलटून पाहिलेले शब्द

शाळेत रुजू झालो त्या दिवशी शालनबाई मला म्हणाल्या, "सर सरस." मी मनातून खूश झालो. शिपायाने हळूच सांगितलं, "कौतुक न्हवं ते. उलटं वाचून बगा, तसंच येतंय."

कवठे महांकाळजवळच्या आमच्या शाळेत बाई पहिलीपासून चौथीपर्यंत सगळ्यांना हव्या असायच्या. कुठलाही शब्द कानावर पडला की त्या तो ओठांतल्या ओठांत मागून म्हणून बघत. "शब्द भाकरीसारखा उलटावा, सर," त्या म्हणत. "दोन्हीकडून सारखा भाजलेला निघाला की लय बरं वाटतं." पोरं त्यांच्यामागे "काका कडक काका" म्हणत पटांगणभर फिरायची.

त्या वर्षी तिसरीत चंद्रा होती. बिरू मेंढपाळाची मुलगी. दिवाळी झाली की हे कुटुंब मेंढरं घेऊन पश्चिमेला जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, त्यामुळे तिची निम्मी शाळा वाटेतच सरायची. तिला अक्षरं ओळखता यायची, पण वाचताना त्यांची अदलाबदल व्हायची. 'रस'चा 'सर' व्हायचा. वर्ग हसला, तशी तिने तोंड उघडणंच सोडलं. बिरू म्हणाला, "बाई, ऱ्हाऊ द्या. मेंढरं राखंल."

 बाईंनी चंद्राला जवळ बसवून पाटीवर 'कडक' लिहिलं. बऱ्याच वेळाने तिने तो वाचला. "आता शेवटाकडून वाच." तिने वाचला आणि फिसकन हसली.

"बाई, ह्यो कुठनं बी वाचला तरी चुकत न्हाई की."

"व्हय. म्हणून तर तुला दिला."

मग 'मलम' आला, 'जहाज' आला, 'नवीन' आला. दिवाळीपर्यंत ती साधी वाक्यं वाचू लागली, आणि नेमकी तेव्हाच निघून गेली.

थंडीत एकदा मधल्या सुट्टीत बाईंना बिरूचा फोन आला; त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "आवं बाई, आमी उंब्रजला हाय. ही पोर दर पाटीपाशी थांबतीया. मेंढरं फुडं जात्यात, मी हिच्यासाठी हुबा." मागून चंद्राचा आवाज आला, "बाई, दुकानावर नवजीवन लिवलंय. उलटं बी नवजीवन!" बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

पावसाच्या तोंडावर बिरू स्वतः शाळेत आला. उन्हाने करपलेला, हातात पटका. "औंदा दिवाळीला हिला न्हेत न्हाई," तो म्हणाला. "चुलतीपाशी ठेवतो. वाटंनं मला समद्या गावांची नावं वाचून दावली हिनं. माझा जन्म गेला त्या रस्त्यानं, पण पाटी काय म्हणती ते ठावं न्हवतं." बाईंनी त्याला बसवलं, चहा मागवला.

चंद्रा आता सांगलीला वसतिगृहात राहून नववीत शिकते. बाई यंदा निवृत्त होऊन साताऱ्याला बहिणीकडे गेल्या. माझ्याकडे पहिलीचा वर्ग आला होता. एसटीची वाट पाहताना मी विचारलं, "एखादं पोर बोलेचना झालं तर काय करू?"

"वाचायला लावायची घाई करू नका, सर. आधी ते तुमच्यापुढं हसंल असं बघा," बाई म्हणाल्या, आणि सातारा गाडीत चढल्या.