मदतनीस मॅडम आणि दहा मीटर खोल पाणी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझी नेमणूक वाळूवर झाली होती. आम्ही समुद्राच्या पाण्यातल्या जिवाणूंवर काम करत होतो, आणि दर महिन्याला तमिळ किनाऱ्यावरच्या कोवलमच्या एका मच्छीमाराची बोट घेऊन पाण्याचे नमुने आणायचे असत. बोटीवर माझ्याबरोबरच रुजू झालेला कोइम्बतूरचा सहकारी जायचा. मी किनाऱ्यावर बर्फाची पेटी सांभाळत बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. "बोटीवर मुली नकोत, रिस्क असते," असं सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेही अगदी प्रेमाने, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की दहा मीटर खोलीवरचं पाणी आणि वरवरचं पाणी यांचे आकडे हुबेहूब सारखे येताहेत. मीटिंगमध्ये तसं म्हटलं, तर सर म्हणाले, "मशीन तपास." मशीन ठणठणीत होतं. शेवटी सहकाऱ्याने कँटीनमध्ये कबुली दिली. बोट हलली की त्याला भडभडून ओकारी यायची. तो डोळे मिटून बसायचा आणि हाताला लागेल ते पाणी बाटल्यांत भरायचा. "सरांना सांगू नकोस," तो म्हणाला, "मुलगा असून ओकतो म्हणतील."

थीसिस माझा आणि पाणी त्याच्या मर्जीचं! मी तडक तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे आमच्या विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ शास्त्रज्ञ बसायच्या. निवृत्तीला वर्षभर उरलेलं. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, त्यामुळे त्यांचं मराठी तमिळ चालीवर डुलत यायचं. मी मिरजेची आहे कळल्यापासून त्या माझ्याशी मराठीतच बोलत. मी गेले तेव्हा त्या डब्यातला पुळिओदरै, म्हणजे चिंचेचा भात, खात होत्या. सगळं सांगताना माझे डोळे भरून आले.

"काय गे, रडायचं असलं तर आधी रडून घे," त्या म्हणाल्या. "मग फील्डवर्कचा फॉर्म घेऊन ये."

फॉर्मवर दोन रकाने होते. 'प्रमुख' या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं आणि 'मदतनीस' या रकान्यात स्वतःचं. तो कागद घेऊन आम्ही दोघी सरांकडे गेलो. सरांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, तुम्ही? या वयात?"

"वय झालं म्हणूनच मदतनीस. मुख्य काम ही करेल."

"पण सेफ्टी..."

"पुरुष पाण्यावर जास्त तरंगतात, असा एखादा पेपर आहे का? असेल तर पाठवा, वाचते."

सरांनी सही केली.

त्या महिन्याच्या फेरीला सकाळी किनाऱ्यावर बर्फाच्या पेटीजवळ सहकारी उभा होता, टोपी घालून. इतका आनंदी मी त्याला कधीच पाहिला नव्हता. मॅडमनी साडीचा पदर खोचला, वरून लाइफ जॅकेट चढवलं आणि बोटवाल्याशी मासळीच्या भावावर वाद घालत बसल्या.

नमुना घेण्याची रीत सोपी आहे. दोन्ही टोकांना उघडी नळी दोरीने खाली सोडायची आणि मग दोरीवरून एक वजन सोडायचं, की झाकणं बंद होतात. पहिल्या खेपेला मी वजनच विसरले. नळी उघडीच वर आली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, खात होत्या.

"मॅडम, आता?"

"मला काय विचारतेस? मी मदतनीस. सांगशील ते करते."

तीस-पस्तीस वर्षं समुद्रावर काम केलेल्या बाईला हुकूम सोडायचा म्हणजे काय! शेवटी मी म्हणाले, "मॅडम, दोरी धरा." त्यांनी लगेच मुरुक्कू ठेवून दोरी धरली. दुसरी खेप जमली, तिसरीही जमली. चौथ्या खेपेला मी बोटीच्या कडेवरून वाकले आणि सकाळची इडली समुद्राला अर्पण केली.

"अय्यो," मॅडम म्हणाल्या. "तोंड पूस. पुढची बाटली. आणि हे रिपोर्टात लिही."

मी खरंच लिहिलं: 'संशोधक एकदा ओकली. नमुन्यांवर परिणाम नाही.' सरांनी मीटिंगमध्ये त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढलं. मग सहकारी उभा राहिला आणि आपल्या तीनही महिन्यांच्या नमुन्यांबद्दल खरं बोलला. कान लाल झाले होते त्याचे. सर रागावले, पण त्यांनी ते आकडे बाद करून माझे ठेवले. खोलवरचं पाणी वेगळंच होतं, आणि त्यातले माझे जिवाणूही. पुढच्या यादीत बोटीपुढे माझं नाव आलं, कुठलीही घोषणा न होता.

काही महिन्यांनी बाहेरचे पाहुणे लॅब पाहायला आले. सर माझ्याकडे हात करून कौतुकाने म्हणाले, "आमच्याकडे मुलीही समुद्रात जातात. मी तसं धोरणच ठेवलंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. सोडून दे, असा अर्थ. मला काही सोडवेना.

"सर, आधी मी किनाऱ्यावरच होते," मी म्हणाले. "मॅडम माझ्या मदतनीस झाल्या, तेव्हा जायला मिळालं."

पाहुणे हसले. सरही हसले, जरा उशिराने. मॅडम मात्र गंभीर. बाहेर लिफ्टपाशी त्यांनी विचारलं, "मी नको म्हटलं ना?"

"हो."

"तरी बोललीस."

"हो."

"सेरि, बरं," त्या म्हणाल्या, आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत कसंबसं हसू दाबून उभ्या राहिल्या.