नानामामांच्या द्राक्षांची वाईन आणि बांधावरचं भरीत

"तू ये, पी आणि मला सांग." नानामामांचा हा फोन आला तेव्हा मला वाटलं, मामा चेष्टा करताहेत. गळ्यात तुळशीची माळ घालणारा हा माणूस बाटलीला बोटसुद्धा लावणार नाही. पण साक्रीजवळच्या त्यांच्या मळ्यात चार वर्षांपासून पांढऱ्या वाईनची द्राक्षं आहेत. आणि तेव्हापासून मामी, म्हणजे आमच्या अक्का, त्या मळ्यात पाय ठेवत नाहीत. त्यांचा सख्खा भाऊ दारूपायी गेला, त्यांना काय बोलणार? मामाही थकले होते. म्हणाले, "एप्रिलच्या छाटणीआधी वेल उपटून टाकतो. घरात रोजचा अबोला नको. फक्त माझ्या मालाचं झालं काय, तेवढं कळू दे."

मामांची जीभ व्हायचं काम! निघालेच मी.

मार्चचा पहिला आठवडा. मेहरूणच्या घरून सकाळी सहाला गाडी काढली. डिकीत हंगामातली शेवटची भरताची वांगी आणि त्यांच्याखाली टॉवेलात गुंडाळलेली बाटली, मामांची द्राक्षं घेणाऱ्या कारखान्याचीच. त्यात मामांची द्राक्षं किती आणि शेजाऱ्यांची किती, देव जाणे. एरंडोल, पारोळा, धुळे असा रस्ता चांगला आहे, पण ट्रक फार. चहा पारोळ्यातच उरका. धुळ्यापुढे डोंगर दिसू लागले की खिडक्या उघडा. थांबत गेलात तर चार तास धरा.

"उनी का माय?" म्हणत अक्कांनी वांगी ताब्यात घेतली. बाटली दिसली तशी मान फिरवली.

वाईन गार करायला मी ती बादलीत ठेवली आणि मामांनी बादली विहिरीत सोडली. तासाभराने मळ्यातल्या आंब्याखाली बसलो. भाची आली म्हणून डब्यात शेवभाजी, वर बोटभर लाल तर्री. चहाच्या काचेच्या ग्लासात वाईन ओतली, घास घेतला, घोट घेतला आणि अगं आई गं! जिभेवर नुसती आग, वाईनची चवच लागेना.

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे फुकट गेलं सगळं?"

"थांबा हो मामा, चूक माझी आहे." तिखटजाळ रस्सा आणि ही वाईन, हे लग्न लावू नका, मंडळी.

तेवढ्यात अक्का गरम भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन आल्या आणि बांधावरच थांबल्या. पुढे यायचं नाही हे ठरलेलं. मग आम्हीच ग्लास घेऊन बांधावर गेलो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. एक घास, वर एक घोट. अहाहा! धुराचा वास, तेलाचा ओशटपणा, आणि वाईन त्यावर लिंबू पिळल्यासारखी. कोरडी, आंबटसर, स्वच्छ.

"कशी शे?" मामांनी श्वास रोखून विचारलं.

"कैरीसारखी आंबट. आणि आणखी एक वास येतोय, तो मला सांगता येत नाही."

"दखाड बरं," ग्लासाकडे हात करत अक्का म्हणाल्या. मला खरंच वाटेना! त्यांनी ग्लास नाकाशी धरला. प्यायल्या नाहीत, पण बराच वेळ धरून ठेवला.

"हाऊ तं फुलोराना वास शे."

मामा बघतच राहिले. "तुले काय माहीत? तो वास पहाटे वेलमा उभं राहिनं तरच येस."

अक्कांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि पदर सावरला. "तुम्ही झोपेल ऱ्हातस, तव्हय जास मी. वेलसनं काय चुकनं?"

चार वर्षं! भाकरीचा तुकडा मोडून मामांनी अक्कांपुढे धरला आणि मला रडूच आलं.

डिझेल, बाटली, चहा धरून अडीच हजारात झालेली सहल. मोठ्या टेस्टिंगच्या ठिकाणी यापेक्षा जास्त घालवून मी चार वाईनची नावं विसरून आले आहे. घरी आता पांढरी वाईन उघडली की भरीत ठरलेलं, आणि आधी वास घ्यायचा, तोही अक्कांसारखा सावकाश.

हे लिहायला नोव्हेंबर उजाडला. काल मामांचा फोन होता. वेल जागच्या जागी आहेत, फुलोरा आलाय.

"आणि अक्का?"

"आते मालेबी उठाडस ना पहाटे," मामा हसत म्हणाले. "झोपू देत नही."